मराठी आठ

"पडलात कसे?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

खरं उत्तर होतं, "व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी पद्धतीने." पण मी म्हणालो, "फरशी ओली होती."

एका दिवाळी अंकासाठी फिगर स्केटिंगच्या इतिहासावर लेख लिहायचं कबूल केलं, तेव्हा बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता होता. पण महिनाभर वाचत सुटलो आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर आवाज चढवून मी बायकोला सांगत होतो, की १८८२ साली व्हिएन्नात अ‍ॅक्सेल पॉल्सन नावाच्या नॉर्वेजियन गड्याने शर्यतीचे लांब पात्यांचे स्केट्स घालून हवेत दीड गिरकी घेतली.

"दीडच का?"

"उडताना तोंड पुढे, उतरताना पाठ पुढे. अर्ध्या गिरकीशिवाय हिशेब जुळत नाही."

"तीन शिट्ट्या झाल्या की चार?" ती म्हणाली.

मला भुरळ पडली ती मात्र इंग्रजी पद्धतीची. जॅक्सन हेन्स हा नाचात मुरलेला अमेरिकन १८६०च्या दशकात युरोपात गेला, संगीताच्या तालावर बर्फावर नाचला, बसल्या बसल्या गिरकी घेतली आणि व्हिएन्नाला वेड लावलं. इंग्रजांना असले थेर मंजूर नव्हते. त्यांचं स्केटिंग म्हणजे छडी गिळल्यासारखं ताठ अंग, सरळ गुडघा, बाजूला चिकटलेले हात. बर्फावर मधोमध एक संत्रं ठेवायचं, एकाने आकृती पुकारायची आणि सगळ्यांनी त्या संत्र्याभोवती मोठमोठी वळणं काढायची. ज्या पायावर भार नाही, त्याला ते चक्क 'बेरोजगार पाय' म्हणत! सदतीस वर्षं नोकरी करून घरी बसलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गहिवरून आलं. ताठपणाचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या मानेला तो आयता लाभलाय.

उड्यांची भीती होती, पण तीही ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबाने घालवली. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये ही बाई फ्री स्केटिंगमध्ये सातवी आली आणि तरी सुवर्णपदक घेऊन गेली, कारण बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्यात तिचा हात, म्हणजे पाय, कुणी धरू शकत नव्हतं. पंच वाकून त्या रेघा तपासत. अशा खेळात आपलं जमेल, असं मला उगाचच वाटलं.

दिवाळीची साफसफाई चालू होती. हॉलमध्ये साबणाचं पाणी ओतलेलं, फर्निचर भिंतीला. सासूबाईंच्या ताटलीतलं संत्रं मी मधोमध ठेवलं आणि मोजे चढवले.

"पुकारायचं मी," बायको सोफ्यावर पाय वर घेत म्हणाली. नाही म्हणायची सोय नव्हती. आदल्याच रात्री मी तिला मॅज सायर्सची गोष्ट ऐकवली होती: १९०२च्या जागतिक स्पर्धेत बाईंना मनाई करणारा नियमच नव्हता, म्हणून ती पुरुषांत उतरली आणि उलरिक साल्कोव्हच्या खालोखाल दुसरी आली.

"आठ!" बायकोने पुकारलं.

आठ म्हणजे या विद्येचा श्रीगणेशा. मध्यातून निघायचं, एका पायावर एक वर्तुळ, दुसऱ्या पायावर दुसरं, आणि परत मध्यात. स्केटच्या पात्याला खालून खाच असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. बाहेरच्या कडेवर अंग झुकवलं की पातंच वर्तुळ काढतं. हे मी लेखात मोठ्या थाटात लिहिलं होतं. मोज्याला कड नसते, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

त्यातून घोळ वेगळाच झाला. 'आठ' ऐकल्याबरोबर माझ्या अंगाने पहिलीच्या पाटीवरचा आठ काढला. इंग्रजी आठ माणसाला निघाल्या जागी आणून सोडतो. मराठी आठ डावीकडे पोट काढून खाली उतरतो, उजवीकडे वळतो आणि शेपूट सोडून जातो तो जातोच. त्या शेपटीच्या टोकाला आमचं चपलांचं कपाट होतं. माझा बेरोजगार पाय त्यात शिरला, नोकरीवरचा पाय मागेच राहिला, आणि सासूबाई संत्रं उचलून, पुसून, सोलायला बसल्या.

पोटरीला प्लास्टर, सहा आठवडे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या ठरावीक आकृत्या १९९०नंतर काढूनच टाकल्या, हे मी पलंगावर पडून लिहिलं. तेवढ्या एका वाक्याला घरातून दाद मिळाली.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टबाई आल्या. "काका, पायाच्या अंगठ्याने हवेत आठ काढायचा. रोज वीस वेळा."

"इंग्रजी की मराठी?" मी विचारलं.

"इंग्रजीच सांगा हो त्यांना," स्वयंपाकघरातून आवाज आला. "कपाट नवीन आहे."