बढती खालच्या थरात

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला, की भाईंदर पूर्वेच्या इमारतींमागच्या मोकळ्या जागांत गोविंदांचे सराव सुरू होतात. वेळ रात्री साडेनऊनंतरची. कारण पायातली, म्हणजे सगळ्यात खालच्या थरातली माणसं नोकरदार. विरार फास्टमधून भाईंदरला उतरायला मिळालं, तर तोवर घरी पोचतात. त्या गर्दीतून उतरणं हाही सरावच, असं दादांचं मत.

हे दादा प्रत्येक पथकात एकेक असतातच. वय पन्नाशीच्या आसपास, गुडघ्याला नी-कॅप, गळ्यात शिट्टी आणि अंगात मागच्या वर्षीच्या प्रायोजकाचा फोटो छापलेला टी-शर्ट. दादांच्या पोटामुळे प्रायोजक फोटोत आहे त्याहून सुखवस्तू दिसतो. मूळचे लालबाग-परळचे. १९८२च्या संपानंतर गिरणगावातली जी कुटुंबं स्वस्त खोली शोधत इकडे सरकली, त्यांनी ट्रंक, देव्हारा आणला, तशी दहीहंडीही आणली. तिथल्या चाळीत दादा वरचे एक्के होते. हे ते स्वतःहून सांगत नाहीत. कुणी विचारेपर्यंत विषय मात्र तिथून हलू देत नाहीत.

त्यांचं एक तत्त्व मला मनापासून पटतं. ऑफिसात बढती मिळाली की माणूस वरच्या मजल्यावर जातो, पथकात तो खाली येतो. आठव्या वर्षी मडकं फोडायचं, पेपरात फोटो. मिसरूड फुटली, वजन वाढलं, की दुसऱ्या-तिसऱ्या थरात. लग्न झालं की थेट पायात. वर नऊ थर लागोत, पायातल्याला हंडी दिसत नाही. त्याला दिसते समोरच्याच्या बनियनची शिलाई. “ती शिलाई बघत जो हलत नाही, तो लीडर. वरच्याला काय, नुसत्या टाळ्या,” असं दादा म्हणतात.

पण २०१७पासून या शिडीची वरची पायरीच गेली. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढू देणार नाही, असं सरकारनंच उच्च न्यायालयात मान्य केलं. योग्यच झालं, इतक्या उंचावरून पोर पडणं ही काही गंमत नव्हे. मात्र दादांकडे पाचवी ते आठवीची डझनभर पोरं रिकामी झाली. स्पेनमधल्या कॅटलोनियात मानवी मनोऱ्यांच्या टोकावर आजही चिमुरडं मूल हेल्मेट घालून चढतं आणि त्या मनोऱ्यांना २०१०मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतलंय, असा व्हिडिओ कुणीतरी दादांना दाखवला. दादांनी तो रात्रभर पाहिला. सकाळी म्हणाले, “तिकडे युनेस्को येतं. इकडे पोलीस येतात.”

मग पदं निघाली. पाचवीतला पाणीप्रमुख, सहावीतला गादीप्रमुख, सातवीतला हेल्मेटप्रमुख. दर वर्षी एक पद वर, म्हणजे दादांच्या हिशेबानं खाली. पदं वाटली, पण दादांचा जीव कुठला राहतोय! गादीप्रमुखानं गादी टाकली की दादा ती वीतभर सरकवणार. पाणीप्रमुखाला ग्लास दोन्ही हातांनी कसा धरायचा, हे ते दर सरावाला स्वतः पाणी पिऊन दाखवतात. “जबाबदारी कुणाची? तुझी ना? मग मी सांगतो तसं कर!”

फसले ते हजेरीप्रमुखापाशी. आठवीतली मुलगी, घर मारवाडी, मराठी सगळं पथकात शिकलेलं. हजेरीची वही आणि जन्मतारखा तिच्याकडे. एकदा खुद्द प्रायोजकाचा पुतण्या थरावर चढायला आला. तिनं वही उघडली, बोटांवर मोजलं.

“हा नाही चढणार. तेरा वर्षं अकरा महिने.”

“अगं, हंडीपर्यंत होतात की पूर्ण!”

“मग हंडीला येऊ दे.”

दादा लालबुंद झाले. टी-शर्टावरच्या प्रायोजकाकडे त्यांनी एकदा खाली मान घालून पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं आणि त्याला गादीप्रमुखाच्या हाताखाली दिलं. नंतर चहाच्या टपरीवर मात्र तासभर एकच पालुपद : “माझं ट्रेनिंग आहे. मंत्र्याला पण नाही सोडणार पोरगी.”

गेल्या आठवड्यात लोकल रखडली आणि पायात एक खांदा कमी पडला. दादांनी नी-कॅप वर ओढली आणि आत शिरले. हजेरीप्रमुख वही काखेत मारून समोर उभी.

“दादा, थरात साखळी, अंगठी, घड्याळ काही चालत नाही. तुमचाच नियम. शिट्टी काढा.”

“अगं, शिट्टी म्हणजे काय दागिना आहे?”

“वरच्याच्या पायात अडकते.”

दादांनी शिट्टी काढली, रुमालानं पुसली आणि “दोनच मिनिटं हं” म्हणत तिच्या हातावर ठेवली. तिनं गादी कुणाला सरकवू दिली नाही, हेल्मेटचे बंद एकदाच विचारले आणि शिट्टी फुंकली. दुसरा थर बसला. तिसऱ्याची पोरं चढायला लागली, तशी पायातून एक मान हळूच वर आली, कोण कुठे पाय ठेवतंय ते बघायला.

“दादा,” ती ओरडली, “शिलाई बघा!”