पायी चालत असणाऱ्यांनी थांबावे

म्युनिक, रविवार

आई, अण्णा, सा. न.

पार्सल पोचलं. ठेच्याची बरणी शाबूत आहे, आता काळजी सोड. कुरडयांचा भुगा झाला, तोही तळून संपवला. कुकर चढवलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

इथला सगळ्यात छळवादी नियम म्हणजे लाल दिवा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पायी माणसानं थांबायचं. नाहीतर पाच युरो दंड, म्हणजे आपले जवळपास पाचशे रुपये! ह्यांनी परवा नुसता पाय पुढे टाकला, तर मागून एक आजीबाई कडाडल्या, “पोरं बघताहेत!” फर्दापूर फाट्यावर एसटी, ट्रक आणि म्हशींमधून वाट काढलेला माणूस, कानकोंडा झाला बिचारा.

त्यात वाहतुकीच्या नियमांत २०१३ पासून पादचाऱ्याचं नाव ‘त्सू फूस गेएंडं’, म्हणजे पायी चालत असणारे. बाई-पुरुष भेद नको, म्हणून क्रियापदालाच माणूस केलं. ह्यांचा सवाल : चालत असणाऱ्याला उभं का करता?

विद्यार्थीही आता ‘श्टुडीरेंडं’, शिकत असणारे. मामाच्या बंड्याला कळव, त्याच्यासाठी इथे खास शब्द आहे. तो शिकत असतो, शिकलेला काही होत नाही. यंदा किती विषय राहिले?

चिंगीच्या मराठी वर्गातही धातुसाधितंच चालू आहेत. वाक्य होतं, ‘आजोबांनी मांजराला दूध पिताना पाहिलं.’ तिनं चित्र काढलं : अण्णा बशीनं दूध ओरपताहेत, मांजर समोर उपाशी. बाईंनी बरोबर दिलं, कारण हे ‘पिताना’ मांजराचं तसं आजोबांचंही होऊ शकतं. अण्णा, रागावू नका, चित्र फ्रिजवर लावलंय.

तिला आणखी उदाहरणं द्यायला बसले, तर सगळी तुझीच निघाली, आई. जेवताना बोलू नको. निघताना देवाला नमस्कार कर. येताना कोथिंबीर आण. तिथे अडले. इथे सामानाची यादी फोनमध्ये असते. दारापर्यंत येऊन ‘येताना’ म्हणणारं कुणी नाही. चिंगी म्हणाली, “पुढचं सांग ना.” मी कुकर बंद करायला उठले.

मोठ्या काकूंचा अबोला सुटला का? सुटेल, धाकटीच्या लग्नात बोलता बोलता.

धाकटीची तारीख धरताना सोमवार टाळा. ह्यांच्या ऑफिसातले दोघं यायचं म्हणताहेत, त्यांना आपली लेणी दाखवायचीत, आणि ती सोमवारी बंद. आणि येताना काय आणायचं ते फोनवर सांग. यादी लांबलचक असू दे.

तुमची,
बेबी