मावशींची हिस्ट्रीच नाही

आमच्या कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी कणीक मळायचं यंत्र घ्यायला कर्ज मागायला गेल्या. फ्रिज रोखीने घेतलेला, मिक्सर रोखीने, मुलीचं लग्न भिशीच्या पैशांवर. बाराजणींची भिशी, वर्षानुवर्षं चाललेली, आणि मावशींनी एकदाही पैसे थकवलेले नाहीत. बँकेतल्या मुलाने पॅन नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, तुमची हिस्ट्रीच नाही."

उपायही त्यानेच सांगितला. "आधी एखादा मोबाईल हप्त्यावर घ्या. सहा महिने भरा. मग या."

त्या पडद्यावर बघतात तो सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा, आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. घेतलेलं कर्ज वेळेवर फेडत राहिलं की चढतो, थकवलं की घसरतो. कधी काही घेतलंच नसेल, तर आकडाच येत नाही. वाण्याची उधारी दर महिन्याला चुकती केली, भिशी सांभाळली, त्याची तिथे नोंद नाही. म्हणजे कर्ज बुडवणाऱ्याला निदान ओळख आहे; अंथरूण पाहून पाय पसरणारीला तीही नाही. हे मला चीड आणणारं वाटतं.

अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्ये लिहिलं होतं, की माणसं वस्तू घेतात त्या बऱ्याचदा चारचौघांत आपली पत दिसावी म्हणून. त्या दिखाव्याला बघणारी माणसं तरी होती. शेजारीण साडीचा पदर हातात घेऊन बघायची. आता खरेदी दाखवायची ती संगणकाला. पत म्हणजे शब्दाला जागणं, असं आपण समजत आलो. पतपेढीत ओळखीचे दोन जामीनदार उभे राहिले की काम व्हायचं, कारण ते जामीनदार तुम्हाला ओळखत असत.

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. ते त्या मुलाच्या टेबलापर्यंत का पोचत नाही?

मावशींनी मोबाईल घेतला. 'शून्य टक्के व्याज', फाईलचे पैसे वेगळे. जुना साधा फोन चालू आहे, त्यावरच डब्याच्या ऑर्डरी येतात. नवा अजून खोक्यातच आहे, पिठाच्या डब्यामागे फळीवर. दर पाच तारखेला त्याचा हप्ता कापला जातो.