कंदाची झोप आणि आमचा रुबाब

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारसारख्या ठिकाणी अंगणात कॅलेडियम लावणं हा शुद्ध रुबाब आहे, हे आधीच कबूल करतो. पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा मिरवणारी कुंडी पायरीशी ठेवायची ती झाडाच्या प्रेमापोटी नव्हे. इथल्या मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यानं ‘हे कुठलं हो?’ विचारावं आणि आपण ‘काही नाही, ब्राझीलकडचं’ असं सांगावं, जणू ब्राझील जवळच्या मांजरसुंब्याच्या पलीकडेच आहे. अमेरिकेत फ्लोरिडातलं लेक प्लॅसिड तर स्वतःला कॅलेडियमची जागतिक राजधानी म्हणवून घेतं; तेव्हा या झाडापायी मिरवणारे आम्ही एकटे नाही. तरीही माझं म्हणणं असं, की दुष्काळी मुलखाला शोभेल असं शोभेचं झाड याच्याइतकं दुसरं नाही.

पहिला आक्षेप पाण्याचा. टँकरच्या मुलखात पानांचे लाड कसले? पण हे झाड कंदाचं. ऊब आणि ओल एकत्र आली की कोंब काढतं, पावसाळाभर सावलीत तोरा दाखवतं आणि दिवाळीनंतरच्या गारठ्यात एकेक पान मान टाकतं. मग कंद कोरड्या मातीत झोपतो; त्या काळात काळजीपोटी पाणी घालाल तर कुजतो. इथल्या धबधब्याचं वेळापत्रकही हेच: श्रावणात गर्जना, चैत्रात नुसता कातळ. बारा महिने पाणी पिणारी लॉन याच्या पासंगालाही पुरत नाही.

दुसरा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो: याची भाजी होते का? होत नाही, आणि इथे मला थोडं वाहवत जाऊ द्या. हे कुळ अळूचं. अळू, सुरण, कोकणातलं शेवळं, सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. म्हणून फतफत्यात चिंच, शेवळ्याला काकडं, सुरणाला आमसूल. आपल्या बायकांनी या खाजऱ्या भावकीला आंबट घालून पंगतीला बसवलं. वडीच्या अळूचं पान पालथं धरून त्यावर बेसन थापायचं, गुंडाळी वाफवायची, कापून खरपूस तळायची, वरून तीळ. इतका खटाटोप करून माणूस ज्याला खातो, त्याच्या देखण्या नातेवाइकाला फक्त बघून सोडतो. कॅलेडियम विषारीच, पान चुरगळलं तर हात धुवावेत. पण घरात एक तरी नातेवाईक बिनकामाचा आणि सुंदर असायला हरकत काय?

तिसरा आक्षेप परकेपणाचा. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळही मूळ अमेरिका खंडातलंच. 2016 साली त्याला बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं आणि परकेपण कुणालाच आठवेना. चव असली की नागरिकत्व लवकर मिळतं.

खरी अडचण वेगळीच आहे. कंद झोपतो त्याच सुमाराला या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. पोरं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. कोरड्या महिन्यांत मातीत पडून राहायची सोय कंदाला आहे, माणसाला नाही. धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते, कार्तिकी यात्रेलाही गर्दी होते. पुढच्या उन्हाळ्यात इथल्या हंड्यांची चौकशी कुणी करत नाही. याचा मला राग येतो, आणि तो कुंडीवर काढण्यात अर्थ नाही. पाणी आधी घरांना मिळावं, मग उरलं तर शेताला, आणि आमच्या रुबाबाला शेवटी. त्या कोरड्या महिन्यांत आमच्या रुबाबाला पाणी लागतच नाही, एवढाच काय तो त्याच्या बाजूनं पुरावा.