होकायंत्राची दुरुस्ती

नाकासमोर चालणारा माणूस अशी कॉलनीत माझी ख्याती आहे. मी खरंच नाकासमोर चाललो असतो, तर क्रांती चौकातून जालना रोडनं सिडकोकडे निघालेला मी शंभर पावलांत डाव्या हाताच्या एखाद्या दुकानात शिरलो असतो. सातवीत असताना आमखास मैदानावर सीझन बॉलचा एक झेल मी घेतला होता. फक्त हातांनी नव्हे. घरी आईनं हळद लावली, वडिलांनी 'तो आउट झाला का?' एवढंच विचारलं, आणि नाक त्या संध्याकाळी जे डावीकडे वळलं ते पुढची अडतीस वर्षं तिकडेच बघत राहिलं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. या धंद्यात वाकडं नाक म्हणजे टकल्यानं केसांचं तेल विकण्यातला प्रकार. एलिमेंटरीच्या पोरांना फळ्यावर चेहरा काढून दाखवायचा, त्याचे तीन सारखे भाग पाडायचे: केसांपासून भुवयांपर्यंत एक, भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. मग मधोमध सरळ उभी रेघ. ही रेघ ओढली की सगळा वर्ग एकदा फळ्याकडे बघायचा आणि एकदा माझ्याकडे. माझं टोपणनाव होतं 'होकायंत्र'. भूगोलाच्या दृष्टीनं ते अचूक होतं. सर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की नाक उत्तर दाखवतं.

तेव्हा मी नाकाचं ऑपरेशन का केलं, याचं अधिकृत उत्तर असं: श्वास नीट येत नव्हता, घोरणं वाढलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. हे उत्तर मी आईला, मुख्याध्यापकांना, शेजाऱ्यांना आणि विमा कंपनीला दिलं. खोटं नव्हतंच ते. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी पन्नाशीच्या माणसानं ठेवावं तसं खिशात ठेवलं. आपल्याकडे दिसण्यासाठी नवरीनं काही केलं तर चालतं, नटानं केलं तर चालतं. मास्तरानं केलं तर 'या वयात काय भरलंय डोक्यात?' श्वास मात्र कुठल्याही वयात घेता येतो.

आमच्याकडे नाकाच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव आहे: 'हाड वाढलंय.' डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर आतला देखावा दाखवला आणि म्हणाले, "सर, वाढलं काहीच नाही. दोन खोल्यांमधली भिंत सरकलीय." एक खोली बोळ झाली होती, दुसरी दिवाणखाना. त्यांनी माझा डावा गाल बोटानं बाहेर ओढला, आणि भस्सकन हवा आत गेली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा! मी म्हणालो, "बस्स, एवढंच करून द्या." ते म्हणाले, "एवढंच केलं तर तुम्हाला जन्मभर गाल धरून हिंडावं लागेल."

मग त्यांनी समजावलं. नुसती आतली भिंत सरळ करायची तर काम सोपं, बाहेरून काहीच फरक दिसणार नाही. पण माझं नाक आतबाहेर दोन्हीकडे वाकलेलं; वरचं हाड सरळ केल्याशिवाय आतली भिंत तोल धरणार नाही. म्हणजे दोन्ही कामं एकाच भुलीत. "दिसण्यातही थोडा फरक पडेल, चालेल ना?" असं त्यांनी विचारलं. मी जमेल तितका नाइलाज चेहऱ्यावर आणून म्हणालो, "आता तुम्ही म्हणताच आहात तर..."

विमा कंपनीला मात्र असला नाइलाज कळत नाही. त्यांच्या लेखी माझं नाक म्हणजे भावाभावांत वाटणी झालेली जमीन. आतला पडदा आजारात मोडतो, त्याचे पैसे मिळतील. बाहेरचा आकार हौसेत मोडतो, त्याचे मिळणार नाहीत. नाकाचा सातबारा काढायचाच काय तो बाकी राहिला होता. बाहेरच्या नाकाचा खर्च बायकोनं तिच्या परिमाणात मोजला. "दोन बऱ्यापैकी पैठण्या," ती म्हणाली, आणि त्या न घेतलेल्या दोन पैठण्या आमच्या घरात आजतागायत नेसल्या जात आहेत.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "काय अपेक्षा आहे?" लोक म्हणे नटनट्यांचे फोटो घेऊन येतात. मी चित्रकार माणूस. मी समोरून, बाजूनं आणि तीनचतुर्थांश अशी तीन रेखाटनं नेली होती, फोर-बी पेन्सिलीनं छायाप्रकाश घालून. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "सुंदर आहेत. पण सर, माझ्याकडे रबर नाही." शिवाय कातडीचा मुद्दा होता. माझ्या नाकावरची कातडी जाड. खाली कितीही नाजूक कोरलं तरी वर जाड गादीवरच्या चादरीसारखं दिसणार. शेवटी ते म्हणाले, "आजच्यापेक्षा सरळ. ओळंब्यात नाही." हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली, आणि लगेच विसरलो. त्यांनी ते कागदावरही लिहून माझी सही घेतली, हेही विसरलो.

ऑपरेशन मेच्या सुट्टीत ठरलं. रात्री झोप येईना म्हणून मी वाचायला घेतलं, आणि मला माझा सख्खा नातेवाईक सापडला. त्याचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याचा उल्लेख शेतकरी जातीचा मराठा असा आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या तावडीत सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभराहून अधिक काळ बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. त्या कारागिराचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही. पाहायला गेलेल्या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांची मात्र छापली आहेत.

पद्धत वाचून मी उठूनच बसलो. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाचा साचा करायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी मात्र तोडायची नाही, रक्त तिथूनच येणार. मग ती कातडी उलटी फिरवून खाली नाकाच्या जागी बसवायची. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. कात म्हणजे आपला पानातला कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ चिंध्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाची ती पट्टी कापली की नाक स्वतंत्र. सुश्रुतानं तर फार आधी लिहून ठेवलंय: झाडाचं पान नाकाच्या मापाचं कापून घ्या, तेवढी कातडी गालावरून घ्या आणि श्वासासाठी आत दोन नळ्या ठेवा. दिसणं आणि श्वास एकाच बैठकीत. त्यासाठी विम्याचे दोन वेगळे फॉर्म त्याला भरावे लागले नसतील.

कावसजीचा तो मजकूर लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं वाचला, वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला, १८१४ पासून दोन जिवंत माणसांची नाकं बसवली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढलं. तिथून ही विद्या युरोपभर गेली.

पण मला खरा आनंद झाला तो वेगळ्याच कारणानं. कावसजीचं चित्र काढणारा माणूस होता जेम्स वेल्स. पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं करणारा स्कॉटिश चित्रकार. याच वेल्सनं आपल्या वेरूळची लेणीही रेखाटली. ती टॉमस डॅनियलनं १८०३ साली लंडनला छापली. म्हणजे या गृहस्थानं एकीकडे नाक गेलेल्या मूर्ती काढल्या आणि दुसरीकडे नाक परत आलेला माणूस! चित्रकलेच्या मास्तराला याहून मोठा शुभशकुन कुठला? मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "कात सकाळी आणू. झोपा."

ऑपरेशनबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण मी नव्हतो. नंतर डॉक्टरांना विचारलं, हाड कसं सरळ केलंत? ते सहज म्हणाले, "छिन्नी-हातोडीनं. छोटी असते." माझ्या डोळ्यांसमोर सोळा नंबरचं लेणं आलं. कैलास वरून खाली कोरत आणलंय; माझं नाक आतून बाहेर कोरलं होतं. बाहेर खूण फक्त एक, दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीवर, मुंगी चालल्याएवढी. पडद्यातून काढलेल्या कूर्चेचा तुकडा पुन्हा नाकातच टेकू म्हणून लावला होता. घरचाच माल होता, एवढं समाधान.

जाग आली ती नाकावर कडक पट्टी, आत बोळे आणि तोंडाला कोरड अशा थाटात. दुखण्याची मी धास्ती घेतली होती, ते बेताचंच होतं. छळ झाला तो तोंडानं श्वास घेण्याचा. सर्दीचं विश्वरूप मी दोन दिवस भोगलं. बोळे काढले तेव्हा ते येतच राहिले, येतच राहिले. एवढं कापड आत मावत होतं, तर अडतीस वर्षं हवा का मावत नव्हती?

तिसऱ्या दिवशी डोळ्यांखाली जांभळं-काळं उतरलं, मग हिरवं, मग पिवळं. इतकी शुद्ध रंगसंगती मला जलरंगात कधी साधली नाही. पट्टी उतरवायला निघालो तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "क्या सर, किसने मारा?" मी म्हणालो, "डॉक्टरने." तो हळहळला. "बिल नहीं दिया क्या?" कॉलनीत मात्र मला कुणी काही विचारलंच नाही. फक्त बायकोशी सगळे अचानक फार अदबीनं बोलू लागले.

सूचनांची यादी लांब होती. दोन उशा घेऊन झोपा. दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या. ही शेवटची सूचना ज्यानं मे महिन्यात जालना रोडची धूळ खाल्ली आहे त्यानं पाळून दाखवावी. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, दीड महिना. म्हणून मी तो कपाळाला चिकटपट्टीनं टांगला आणि जावई भेटायला आला तेव्हा तसाच बसलो. सर्वांत अवघड कलम होतं: मिठाच्या पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा नाक धुवा. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही रात्री दोनला, आणि त्या पाण्यावर आधीच हंडे, टाकी, कूलर, तुळस अशी ज्येष्ठताक्रमानं नावं लागलेली असतात. त्या रांगेत माझं नाक कूलरनंतर लागलं. पाणी उकळून, गार करून, मीठ घालून घ्यायचं असल्यानं प्रत्येक धुण्याचा मासिक हिशेब बायको मोठ्यानं करायची.

पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर एक बटाटा होता. सरळ, पण बटाटा. डॉक्टर म्हणाले, "सूज आहे. बरीचशी महिन्या-दोन महिन्यांत जाईल, शेंड्याची पुरती जायला वर्ष लागतं. वर्षभर नाकाबद्दल मत बनवू नका." शेंडा इतका बधिर होता की त्यावर माशी बसलीय हे मला दुसऱ्यांनी सांगावं लागे. रोज सकाळी मी नाकपुड्या तपासायचो आणि एके दिवशी डावी पुन्हा बंद! तडक फोन केला. कळलं की हे बहुतेकांचं असतं. दोन्ही नाकपुड्या सहसा सारखं काम करत नाहीत, काही तासांनी पाळी बदलते. म्हणजे आमच्या शाळेसारखंच, सकाळ सत्र आणि दुपार सत्र. माझं डावं सत्र अडतीस वर्षं बिनपगारी रजेवर होतं, म्हणून मला ठाऊक नव्हतं इतकंच.

श्वासाचं मात्र खरंच सोनं झालं. पहिल्या पावसात मातीचा वास दोन्ही बाजूंनी आला तेव्हा मी गच्चीत उभा राहून अक्षरशः हसलो. पाठोपाठ कॉलनीतला नालाही दोन्ही बाजूंनी आला. घोरणं बंद झालं नाही. बायकोच्या मते त्याचा सूर बदललाय.

आणि दिसणं? शाळेत कुणीही काही बोललं नाही. शिपाईमामा म्हणाले, "सर, वजन कमी केलं का?" आमच्या गावानं २०२३ साली अधिकृतपणे नाव बदललं तरी माझी आई अजून जुनंच म्हणते, मग माझ्या नाकाची नोंद कोण घेणार? होकायंत्र हे नाव तर पाचवीच्या नव्या पोरांपर्यंत जसंच्या तसं पोहोचलं होतं.

वर्ष उलटल्यावर मी व्यक्तिचित्राचा तास घेतला. खुर्चीत स्वतः बसलो, मुद्दाम. चाळीस मिनिटं ताठ, खिडकीच्या उजेडात. वह्या तपासताना एका सातवीच्या पोराच्या चित्रापाशी थांबलो. डोळे उत्तम, कान जागेवर, तीन भाग बरोबर. फक्त नाक डावीकडे. किंचित, पण डावीकडे. ऐकीव टोपणनावावरून काढलंय, निरीक्षण नाही, म्हणून मी दहापैकी आठ दिले. नाकाचे दोन कापले.

मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. "सर, दोन का कापले?"

"नाक वाकडं काढलंस."

"पण सर, मी तर तुमच्याकडे बघून काढलं."

मी त्याला वर्गात पाठवलं. मग फूटपट्टी घेतली, स्टाफरूमच्या आरशासमोर गेलो, दार लोटून घेतलं आणि पट्टी कपाळाच्या मधोमध उभी धरली. बराच वेळ धरली. परत येऊन त्याच्या वहीत आठाचे दहा केले.