बटण तर दाबायचं असतं!

तुळशीचं लग्न लागलं की फोटोग्राफरचा हंगाम सुरू होतो. चातुर्मासात मुहूर्त फारसे नसतात. ते महिने अल्बम पुरे करण्यात आणि उधारीचे फोन करण्यात जातात.

रोलच्या काळी एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. त्यामुळे नवरदेवाचे मामाही श्वास रोखून, डोळे सताड उघडे ठेवून उभे राहत. आता कार्डात हजारो फोटो मावतात आणि ‘अजून एक घ्या’ला अंत नाही.

अंतरपाट दूर होतो, माळा पडतात. दोन-तीन सेकंदांचा कारभार! नेमक्या त्याच वेळी आत्या मोबाइल उंचावून लेन्ससमोर अवतरतात. मागून पुकारा होतो, “अहो फोटोवाले, बाजूला व्हा, आम्हाला काही दिसत नाही!” महिन्याभराने अल्बमवर पहिली तक्रारही आत्यांचीच: “माझा एक फोटो धड नाही.”

हिशेबाला बसल्यावर यजमानांना साक्षात्कार होतो, “बटण तर दाबायचं असतं!” लाखाची लेन्स आणि रात्र रात्र चालणारं कलर करेक्शन त्यांच्या लेखी फुकट, पक्कं बिल हवं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी नको.

नवरा-नवरीच्या घासाचे फोटो संपवून फोटोग्राफर पंगतीत पोचतो, तेव्हा वाढपी सांगतो, “तुमचं पान वाढलं होतं, पण व्हिडिओवाले जेवून गेले.”