वाढवता न येणारा चहा

वाशीम जिल्ह्यात पिकतं ते सोयाबीन, तूर आणि हरभरा. चहा पिकत नाही, पण चहावाचून यातलं काही विकलंही जात नाही. सोयरीक असो, भावाभावांतली वाटणी असो, नाही तर बाजार समितीतली पट्टी असो, आधी चहा आणि मग विषय.

आणि तो आमच्याकडे 'मांडतात'. गंजात पाणी, साखर, ठेचलेलं अद्रक, मग पत्ती. पाणी काळंभोर झालं की दूध. मग गंज फसफसून काठापर्यंत येतो, सांडशीनं उचलायचा, फेस बसला की पुन्हा ठेवायचा. ही उचल-ठेव दोन-तीनदा झाल्याशिवाय चहा झाला असं वऱ्हाडात कोणी मानत नाही. यातही शास्त्र आहे. अद्रक आधी पाण्यातच उकळायचं, कोमट दुधात कच्चं पडलं तर दूध फाटू शकतं. गुळाचा करायचा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावरच टाकायचा. हे कोणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं.

अशा घरात भाच्यानं दार्जिलिंगच्या पानांचा चहा आणून दिला. तो सैन्यात आहे, नेमणूक सिलीगुडीकडची. डबा उघडला तर आत काळसर-हिरवी, वळलेली लांबट पानं. आईनं चष्मा नीट करून पाहिलं आणि म्हणाली, "हे तं आंगण झाडून आणल्यावानी दिसते रे."

भाच्यानं कृती सांगितली होती : पाणी उकळा, गॅस बंद करा, पानं टाका, झाका, तीन-चार मिनिटं थांबा, गाळा. दूध नको, साखरही शक्यतो नको. साखर-दुधावाचून माणूस एक वेळ निभावून नेईल, घरचे अडले ते 'गॅस बंद करा' या पायरीवर. विस्तव विझवून चहा कसा व्हायचा? झाकलेल्या गंजाभोवती सगळे उभे. आईनं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. "याच्यात काही होऊन राह्यलं का?"

होत होतं. किराणा दुकानात मिळते ती आपली पत्ती म्हणजे दाणे. १९३० च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी दातेरी रुळांचं यंत्र बसवलं. त्यात पान चिरडतं, फाटतं, वळतं आणि त्याची गोळी होते. भारतातला बहुतेक चहा आज असाच तयार होतो. दाण्यातला रस आधीच बाहेर येऊन बसलेला असतो, त्यामुळे पाणी लागताच तो रंग सोडतो आणि दुधाला पुरून उरतो. अख्खं पान सावकाश उलगडतं. त्याचा वास नाजूक, फार उकळलं तर उडून जातो आणि मागे नुसता तुरटपणा उरतो.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं तर १९८० साली यावर नियमच करून ठेवला : १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं. तो चहा पारखणाऱ्यांसाठी आहे, पिणाऱ्यांसाठी नाही, तरी वाचून मला जरा दडपणच आलं. आमच्याकडे ओलाव्याचे टक्के मोजतात ते सोयाबीनचे, आणि ते मोजताना कास्तकाराचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. चहा तरी चिमटीनं टाकू द्यावा माणसाला.

चहाला पाणीही पारखून घ्यावं लागतं, हे मात्र खरं निघालं. आमच्या बोअरचं पाणी जड. कोऱ्या चहावर त्याचा पातळ, चकचकीत तवंग येतो आणि काचेच्या पेल्यात तो लपत नाही. दुधाच्या चहात आपण त्याला साय समजून पिऊन टाकतो. तेव्हापासून पानांचा चहा आमच्याकडे एकबुर्जी धरणाचं पाणी नळाला येतं त्या दिवशीच होतो. म्हणजे त्याचं वेळापत्रक नगरपरिषदेच्या हातात आहे.

पण या चहाची खरी अडचण वेगळीच आहे. तो वाढवता येत नाही. आमच्या घरची बाई ओट्यापाशी उभ्या उभ्या दारातल्या चपलांचा आवाज ऐकते आणि गंजात पाणी वाढवते. आणखी कोणी आलं तर वरून दूध, चिमूटभर पत्ती, आणि कप अर्धे. दोघांचा चहा पाच जणांत सुखानं निघतो आणि कमी पडला असं कोणाला वाटत नाही. पानांचा चहा मोजून आलेल्या माणसांसाठी आहे. वाशीमला मोजून कोण येतं?

तरी पानांनीही एक सोय ठेवली आहे. दाणा पहिल्याच पाण्यात सगळं देऊन मोकळा होतो. पानात मागे काही उरतं, त्याच्यावर पुन्हा गरम पाणी ओतलं, जरा जास्त वेळ ठेवलं, की दुसरा चहा निघतो. रंगाला फिका, पण तुरटपणा कमी. हे कळल्यावर आईनं गाळणीतला चोथा बोटांनी चिवडून पाहिला. एक पान पूर्ण उलगडलं होतं, शिरा, देठ, कातरलेली कड, सगळं जागच्या जागी. शेजारी दोन पानं नि एक कोंब, खुडले तसेच. इतकी वर्षं चहा गाळला, पण तो पाला असतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. गुलाबाच्या कुंडीत टाकायला तिचा हात होईना.

तेवढ्यात चपला वाजल्या. शेजारचे काकाजी. गंजात दुसरं पाणी तयारच होतं, तेच कपात गाळून दिलं. त्यांनी कप उजेडाकडे धरला. "तब्येत बरी नाही का रे बाप्पा घरात कोणाची?"

नाही म्हटलं, हा चहाच आहे, दार्जिलिंगचा. त्यांनी बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत पिला, मिशा पुसल्या.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "सूनबाई, आता चाय मांड."